बायकोच्या कानामागची माणसं

चपलांच्या कपाटावर दोन पाकिटं होती. एकात कळव्याच्या मासळी बाजारातल्या माणसांचे फोटो, दुसऱ्यात कल्याणच्या भाजी मार्केटातल्या माणसांचे. दोन्ही पाकिटं खाकी, जाडीलाही सारखीच. बायको आदल्या दिवशी म्हणाली होती, "अहो, वर नावं तरी लिहा." मी म्हटलं, "मला हातात घेतलं की कळतं." रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघालो, कळव्याला उतरलो, बाजाराच्या तोंडाशी पाकीट उघडलं, तर आतून कल्याणचा कांदेवाला माझ्याकडे बघून हसत होता.

शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता.

मला रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचा नाद आहे. पोटापाण्यासाठी मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. नटबोल्ट फोटो काढू देतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. माणसांच्या चेहऱ्यावर दिसतं, पण माणसं काढू देत नाहीत. कॅमेरा वर केला की कुणाला वाटतं मी महापालिकेचा, उद्या टपरी उचलणार. कुणाला वाटतं मी बिल्डरचा. एका गृहस्थांना वाटलं त्यांच्या बायकोने माझी नेमणूक केली आहे. ते आणि त्यांच्यासोबतच्या बाई दोन दिशांना पळाले.

त्यावर मी उपाय केले. आधी भाजीच्या पिशवीला भोक पाडून आत कॅमेरा ठेवला. एकदा मेथीच्या जुडीतून काच बाहेर डोकावली आणि भाजीवालीने किंचाळून अख्खी गल्ली गोळा केली. मग दुसरा उपाय, याचा मला फार अभिमान होता. बायकोला सोबत न्यायचं. तिला उभं करायचं, "हस जरा" म्हणायचं, आणि तिच्या कानाजवळून मागच्या माणसाचा फोटो काढायचा. बायकोचा फोटो काढणाऱ्या नवऱ्यावर कोण संशय घेणार? ती वर्षानुवर्षं अशी उभी राहिली. कल्याणच्या पुलावर, ठाण्याच्या तलावपाळीवर, उन्हात. सुरुवातीला साडी बदलून यायची. नंतर बदलायची सोडली. "आला का मागचा नीट?" एवढंच विचारायची. घरात कधी म्हणाली, "माझा एक काढा ना," तर मी खिडकीकडे बघून सांगायचो, "आत्ता उजेड नाही."

तिसरा उपाय पाकिटाचा. काढलेला फोटो छापून पुढच्या खेपेला त्या माणसाला नेऊन द्यायचा. हा खरा चांगला उपाय. लोक चहा पाजतात. कळव्याच्या बाजारातल्या एका मासेवाल्या मावशींचा असाच एक फोटो काढला होता. त्यांनी बजावलं होतं, "मना छापून आन. आधार कार्डावरचा सोरून माझा येक पन फोटो नाय." मी म्हटलं, "रविवारी नक्की." तो रविवार हाच, आणि त्यांचा फोटो डोंबिवलीत चपलांवर.

आता मावशींना तोंड कसं दाखवायचं? म्हणून मी बाजाराला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरलो. तिथे एक चिमुरडी थर्माकोलच्या खोक्यात वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने बाहुलीला आंघोळ घालत होती. मी उकिडवा बसलो आणि फोटो काढला.

त्या आठवड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आली होती. मी स्वतः ती न वाचता तिच्याखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

"ए! कुणाचा फोटो काढला?" दारातून एक बाई ओरडली.

मी माझं ठेवणीतलं हसू काढलं. "घाबरू नका ताई, मी फोटो परत आणून देतो. हे बघा." आणि पाकीट पुढे केलं.

तिने वरचे चारपाच फोटो चाळले. कल्याणच्या हमालांची पोरं, गोणीवर झोपलेली, टोपलीत बसलेली.

"ही कुणाची पोरं?"

"कल्याणची."

"कल्याणची? मग इकडे कशाला आणली?"

"पोरं नाही आणली, फोटो आणलेत."

"पोरं कुठं ठेवली?"

याला उत्तर सुचायच्या आत माझ्या डाव्या कानावर पहिली बसली. कोणी मारली ते दिसलं नाही, कारण चष्मा उडाला होता. दुसरी मानेवर. मी वळून "अहो, एक मिनिट" म्हणालो. हे वाक्य मी स्टोअरमध्ये रोज वापरतो. तिथेही त्याचा उपयोग होत नाही. तिसरा फटका हेल्मेटने मारला असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. हेल्मेट त्या माणसाच्या डोक्यातच होतं. तो स्कूटर उभी करून थेट आला होता आणि त्याने ते शेवटपर्यंत काढलं नाही. त्या गर्दीत तेवढा एकच माणूस सुरक्षित होता.

मला ढकलत ढकलत बाजारात आणलं. मी पडलो तेव्हा फरशीवर खवले होते, ते ओठाला चिकटले. कुणाची तरी लाथ बरगडीत बसली आणि आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. कॅमेरा पट्ट्यासकट गळ्यातून ओढला, त्यासोबत मीही ओढला गेलो. पट्टा तुटला तेव्हा सुटलो. मग कॅमेरा उंच करून फरशीवर आपटला. एकदा नाही. तो फुटल्यावरही आपटत राहिले.

मार खाताना माणसाला थोर काही आठवत नाही. मला डोंबिवली स्टेशनबाहेरचा एक पाकीटमार आठवला, खूप वर्षांपूर्वीचा. तो असाच खाली पडला होता. मी कामावर निघालो होतो, घाई होती, तरी वाकून त्याला एक चापट मारली होती. एकच. मारणाऱ्याला आपली एकच वाटते.

"खिसे बघा याचे!"

मला उभं करून चाचपलं, तर खिशात ज्येष्ठमधाची पुडी निघाली. मला खोकला होता म्हणून बायकोने बांधून दिली होती. पिवळट पूड, वर्तमानपत्राच्या कागदात.

"बघ! पावडर! पोरांना हुंगवतात ती हीच!"

"अहो, ज्येष्ठमध आहे. खोकल्यासाठी."

"असं? मग खा. सगळी खा."

दोघांनी जबडा धरला आणि पुडी तोंडात उलटी केली. कोरडी पूड घशात गेल्यावर जगातला कुठलाही माणूस जे करील तेच मी केलं. रक्त, पूड आणि खोकला एकदम बाहेर आलं, त्यात एक दातही. मी मटकन बसलो.

"बघा, बघा, गुंगी आली! खरं निघालं!"

आता ज्यांना थोडीशी शंका होती त्यांचीही खात्री पटली. एक म्हातारा मागे उभा होता, तो पुढे येऊन माझ्यावर थुंकला आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक जण म्हणाला, "थांबा रे. काका, बायकापोरं आहेत तुम्हाला?"

"आहे. बायको आहे," मी म्हटलं. देव भेटल्यासारखं वाटलं.

"फोन लावा तिला."

फोन लावायचा तर उघडायला हवा. माझ्या अंगठ्यावर इतकं रक्त होतं की फोन मला ओळखेना. त्याने माझा अंगठा माझ्याच शर्टाला पुसला आणि पुन्हा टेकवला. उघडला. त्याने बायकोला लावला. वाजून वाजून बंद झाला. रविवारी सकाळी ती मिक्सरवर चटणी वाटते, तेव्हा बाहेर ढोल वाजले तरी तिला कळत नाही.

"मग फोटो दाखवा बायकोचा. मोबाईलमध्ये असेलच की."

कुणाच्याही मोबाईलमध्ये असतोच. त्याने गॅलरी उघडून माझ्या डोळ्यांसमोर धरली. कॅमेऱ्यातले फोटो मी मोबाईलमध्येही घेऊन ठेवतो. चष्मा नव्हता, तरी मला माझे फोटो ओळखू येतात. पाठमोरा हमाल. पुलावरचा फुगेवाला. फुलवालीचे हात. तो बोट सरकवत राहिला आणि गर्दी वाट बघत राहिली. एका फोटोत फुगेवाल्याच्या उजवीकडे, कडेला, धूसर असं काहीतरी होतं.

"ही," मी म्हटलं. "ही माझी बायको."

"कुठे?"

"हा कान."

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग मागे वळून म्हणाला, "कान दाखवतोय रे हा! बायको विचारली तर कान दाखवतो!"

काही लोक हसले. हसून झाल्यावर माणसं जास्त जोरात मारतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. हेल्मेटवाल्याने माझं डोकं केसांना धरून वर केलं. कुणीतरी ओरडलं, "कुठल्या हाताने काढतो फोटो?" आणि माझा उजवा हात मासे कापायच्या लाकडी ओंडक्यावर दाबून धरला. दोघे मनगटावर बसले. एकाने बर्फ फोडायची मोगरी आणली. मी बोटं मिटायचा प्रयत्न करत होतो आणि कुणीतरी ती एकेक करून उलगडत होतं, अगदी काळजीपूर्वक. पहिला घाव दोन बोटांवर बसला. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. बोटांचा आकार बदललेला मात्र स्वच्छ आठवतो. मोगरी परत वर गेली.

"ए भारखाव! माझ्या ओंडक्यावर कोन मारतंय?"

ओंडका मावशींचा होता. त्या टेम्पोवरून बर्फ आणायला गेल्या होत्या, त्या आता बर्फाची पाटी आपटून गर्दीत घुसल्या. मोगरीवाल्याला कोपराने बाजूला केलं, माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि ओळखलं.

"योच तो!" त्या ओरडल्या आणि माझ्या थोबाडीत अशी लगावली की आधीच्या सगळ्या फिक्या पडल्या.

"मावशी, ओळखतेस याला?" पांढरा शर्ट म्हणाला.

"वलखते? माझा फोटो घेऊन पलालाय यो! देतो बोललेला." दुसरी थोबाडीत. "कुठं हाय माझा फोटो? बोल!"

"डोंबिवलीला... चपलांवर..."

"चपलांवर?" तिसरी. ही मात्र मनापासून होती.

"मावशी, हा पोरं पळवणारा आहे."

"यो? याला सांगितलेला फोटो आनता येत नाय, तो पोरं काय पलवनार? सोरा! माझा गिऱ्हाईक हाय, मी बघते त्याला." आणि कॉलर धरून त्या मला ओढत निघाल्या, दर दोन पावलांवर एक चापट, एक शिवी. गर्दी बाजूला झाली. त्यांच्याइतकं कुणाचंच माझ्याकडे येणं बाकी नव्हतं. वाटेत त्या माझ्या कानाशी वाकल्या, त्याच कानाशी जो वाजत होता, आणि हळूच म्हणाल्या, "रर. जोरात रर. थांबू नको."

मला रडायचा अभिनय अजिबात येत नाही. सुदैवाने त्याची गरज पडली नाही.

त्यांनी मला रिक्षात कोंबलं, रिक्षावाल्याला "दवाखान्यात घाल" म्हणून सांगितलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. त्यावर माझं रक्त होतं. ते पदराला पुसत म्हणाल्या, "फोटो आन पुरच्या रविवारी. बायकोला घेऊन ये. येकटा आलास तर मी पन नाय सोरवनार."

संध्याकाळी घरी आलो. उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली, बरगडीला पट्टा, ओठाला टाके, कानात शिट्टी. फोन तेवढा वाचला. पांढऱ्या शर्टाने तो माझ्या खिशात परत ठेवला होता. चटणी झाल्यावर बायकोने उलटा फोन केला होता आणि ती दवाखान्यात आली होती. तिथे तिने थोडक्यात ऐकलं होतं, पण घरी परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. पाकिटापाशी ती काही बोलली नाही, ज्येष्ठमधापाशी डोळे पुसले. मग कानाचं आलं. ते मी गाळणार होतो, पण नुकताच मार खाल्लेल्या माणसाला एवढं सुचत नाही.



"म्हणजे इतक्या फोटोंत माझा एवढाच होता?"

"धूसर होता," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

ती उठली. आत जाऊन आली. केस विंचरले होते, साडी तीच होती, पदरावर सकाळच्या चटणीचा डाग. तिने खोलीतले सगळे दिवे लावले. माझा फोन माझ्या डाव्या हातात दिला आणि कॅलेंडर काढून त्या रिकाम्या जागी पाठ टेकून उभी राहिली.

"मागे कोणी नाहीये," ती म्हणाली. "भिंत आहे. काढा."