आयत्या बाळंतिणीची वार

बाळंतपणाच्या वॉर्डात तिला सगळे फौजदारीण म्हणत. चाळीस वर्षं दाई होती ती. कळा देणारी बाई ओरडली की हिचा ठरलेला दम, "गप बस! जगात तू एकटीच बाळंत होतेयस काय?" मूल झालं की मागोमाग पडणारी वार उलटीपालटी करून बघायची, अख्खी पडली याची खात्री करायची आणि द्यायची बादलीत फेकून. सिझेरियनवाल्यांना तर ती बाळंतीण मानायचीच नाही. कळा नाहीत, जोर नाही, मूल आयतं हातात! म्हणून त्या 'आयत्या'. आणि नेमकी तिचीच सून आयती निघाली. सहा वर्षं टोमणे खात होती बिचारी.

मग फौजदारणीच्या डाव्या डोळ्याने दगा दिला. मोतीबिंदू काढल्यावर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजला, त्यावर फोड यायचे, फुटायचे. नजर गेलीच होती, उरला तो ठणका. पापणी मिटली तरी आई गं, उघडली तरी आई गं! ओरडणं ऐकून शेजारी दार वाजवायचे. सून मुकाट्याने थेंब घालायची. गप बसा, असं एकदाही म्हणाली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, नजर परत येणार नाही. पण वारेचा पातळ पापुद्रा वरून शिवला तर दुखणं थांबेल. नाहीतर डोळाच काढावा लागेल."

"वारेचा? अहो, बादल्याच्या बादल्या फेकल्यात मी! आधी दाखवा, अख्खी आहे का बघते."

"तपासून साठवलेला तुकडा असतो, आजी. सिझेरियनच्या वारेचाच घेतो, तो स्वच्छ मिळतो."

"म्हणजे आयतीची!" म्हातारी तरातरा निघाली. दारापाशी पोचते तोच फोड फुटला. ती भिंत धरून खालीच बसली.

"शिवा एकदाची! कुणाचीही शिवा!"

आठवड्याभरात ठणका गेला. पण खोड जाते थोडीच?

"कोण होती कुणास ठाऊक," ती सुनेला म्हणाली. "तिला काय पडलं होतं द्यायचं?"

"सिझेरियनआधी विचारतात, आई. कागदावर सही घेतात. मीही केली होती."

"तू? आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? तुम्ही म्हणत होतात, तू बाळंत झालीसच कुठे."

फौजदारीण तिच्याकडे वळली. म्हणाली, "फार दुखलं होतं का गं तुला?"

"फार," सून म्हणाली आणि तिने थेंबांची बाटली उचलली. "वर बघा."