मामा हवेत की नकोत

परळच्या कॉलेजात क्लिकर आले आणि माझी झोप उडाली. मी तिथला शिपाई, तोही कंत्राटी. मार्चमध्ये कागद संपणार. शाळेशी माझं चौथीतच फाटलं, तरी कॉलेजात पोचलो, झाडू घेऊन का होईना.

क्लिकर म्हणजे एसीच्या रिमोटचं पिल्लू. लेक्चरला मी ते पोरांना वाटायचो. सर पडद्यावर प्रश्न टाकणार, पोरं बटण दाबणार, कोणी काय दाबलं ते कळायचं नाही. पडद्यावर नुसते रंगीत दांडे चढायचे. गुपचूप मतदान! मला ते तिथेच खटकलं.

एकदा मार्कर द्यायला आत गेलो. पडद्यावर इंग्रजी. साठ पोरं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसली आणि तिसरा दांडा सरसर वर गेला. ओळखलं, माझाच निकाल लागतोय. तिसरा म्हणजे ‘हाकला’.

डिलाईल रोडला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "साठ जणांका कित्याक इचारतत? माका एकटीक इचारूचा!"

दुसऱ्या दिवसापासून लाइन बदलली. फळा दोनदा पुसला. लेट येणाऱ्यांनाही, "या साहेब, बसा!"

एक पोरगी म्हणाली, "मामा, तब्येत बरी आहे ना? हसताय तुम्ही!"

"ताई, खरं सांग. त्या दिवशी कुठलं बटण दाबलंस?"

"तिसरं. सगळ्यांनीच."

संपलं. लेक्चर सुरू व्हायच्या आधी सरांना गाठलं. ते पोट धरून हसले. "अहो, तो कांद्याच्या भावाचा प्रश्न होता. तुम्ही प्रोजेक्टरसमोर उभे. अर्धा दांडा तुमच्या शर्टावर चढला, म्हणून हसली पोरं."

"मग मार्चचं कोण ठरवणार?"

"ऑफिस. पण एवढा संशय आहे, तर आज विचारूनच टाकू."

आणि मी वर्गात क्लिकर वाटताच त्यांनी पडद्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात टाकलं: मामा हवेत की नकोत?

एवढं मला वाचता येतं. साठ अंगठे बटणावर गेले. मी धावत जाऊन प्रोजेक्टरची पिन खेचली. पडदा काळा.

"मामा, निकाल तरी बघा!" पोरांनी बोंब ठोकली.

"नको रे बाबांनो!"

मार्चमध्ये ऑफिसात बोलावलं. क्लार्कने नवा कागद पुढे सरकवला. "सरांनी शिफारस केलीय. वर्गाचा निकालही जोडलाय."

"कसला निकाल? मी तर पिन काढली होती!"

"प्रोजेक्टरची. कॉम्प्युटर चालूच होता. एक सोडून सगळे ‘हवेत’."

सही केली. पेढे वाटले. पेढा देताना प्रत्येकाचा चेहरा नीट बघून घेतला. तो एक कोण, अजून सापडला नाही.