साखरेपुढची खूण

परळच्या अपघात विभागात शिकायला लागून मला आठ महिने झाले होते आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. लकव्याचा पेशंट आला की तिथे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं, आणि नको त्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी एक फॉर्म भरायचा. मी तो झरझर भरायचे.

त्या संध्याकाळी लालबागहून एका काकूंना मुलगा आणि सून घेऊन आले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. मी रक्तदाब घेतला, सीटी स्कॅनवाल्यांना फोन केला. फॉर्मवर ‘रक्तातली साखर तपासली’ असा रकाना होता. त्यापुढे मी बरोबरची खूण करून टाकली. जाता जाता तपासणारच होते ना! स्ट्रेचर हललं आणि मी ते साफ विसरले.

दारात आमच्या सिस्टर आडव्या आल्या. मालवणकडच्या, निवृत्तीला टेकलेल्या, नव्या डॉक्टरांना घरातल्या पोरींसारखं वागवणाऱ्या.

“साखर किती गो?”

“झालीय,” मी फणकारले. “वेळ जातोय, सिस्टर.”

“झालीय ता कळला. किती?”

मी फॉर्मवर आकडा शोधायला लागले. तोवर त्यांनी काकूंच्या बोटाला सुई टोचलीसुद्धा. मशीनवर अडतीस आलं.

साखर इतकी उतरली की कधीकधी हुबेहूब लकव्याचं सोंग घेते. शिरेतून ग्लुकोज गेलं, आणि काही मिनिटांत काकूंनी उजव्याच हाताने पदर सारखा करत विचारलं, “चंद्र उगवला?”

संकष्टी होती. मधुमेहाची गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून ती सकाळी घेतली. गणपतीला कडक उपास कबूल केलेला, म्हणून दिवसभर पोटात काही नाही. बिचारीने दोघांचंही ऐकलं होतं.

मला हायसं वाटलं, आणि मग काय टळलं ते लक्षात आलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नसता, म्हणजे गुठळीच असं धरून माझ्या खुणेच्या भरवशावर त्यांना ते इंजेक्शन दिलं गेलं असतं. विभागाच्या मोठ्या मॅडमना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसता फॉर्म पुढे सरकवला. मी खूण खोडली, अडतीस लिहिलं, खाली सही केली.

चंद्रोदय झाल्यावर सून घरचे मोदक घेऊन आली. काकूंनी एक माझ्या हातावर ठेवला. “तुम्ही वाचवलंत हो.”

मी तो तसाच सिस्टरांकडे नेला. “हा तुमचा आहे.”

त्यांनी मोडून अर्धा माझ्या तोंडात कोंबला. “खा. मघाशी तुझा तोंड तिच्यापेक्षा पांढरा पडला होता.” मग हात पुसत म्हणाल्या, “काकूंची साखर आता किती?”

तोंड भरलेलं होतं, तरी सांगितलं. एकशे बेचाळीस. मी स्वतः तपासली होती.