सात माणसांचं घर

इसहाक मास्तरांनी जन्मात खोटा आकडा लिहिला नव्हता. तपासणीला साहेब येणार असले तरी पटावरच्या तीस पोरांची एकतीस होत नसत. मूळचे नगरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात बारा वर्षं मास्तरकी करत होते. लोक त्यांच्या या हट्टाला हसायचे आणि भांडण झालं की साक्षीला त्यांनाच बोलवायचे.

एकाहत्तरच्या मार्चात जनगणना त्यांच्याच गळ्यात पडली. अर्ध्या गावाला कुलूप होतं. धडधाकट माणसं कोयते घेऊन दिवाळीनंतरच प्रवरेकडे ऊस तोडायला गेलेली. मागे राहिली होती म्हातारी माणसं आणि शेळ्या.

गोजरबाईने ती स्वतः, लेक गहिनीनाथ, सून आणि चार नातवंडं अशी सात माणसं घडाघडा सांगितली. मास्तरांनी एकच लिहिलं. महिनाअखेरपर्यंत जे परतणार नाहीत ते जिथं आहेत तिथंच मोजले जातील, हा नियम त्यांनी तिला दोनदा समजावला. म्हातारीचा चेहरा उतरला.

"म्हंजी मास्तर, सरकारच्या कागदात मी येकलीच? कुनीच नसल्यावानी?"

त्या दिवशी मास्तरांना जेवण गोड लागलं नाही. त्यांची स्वतःची बायकापोरं नगरला होती, त्यामुळे तिचं दुखणं त्यांना नेमकं कळलं. पण नियम तो नियम.

एक एप्रिलला, मधल्या दिवसांत कोण जन्मलं, कोण गेलं हे पाहायला ते पुन्हा घरोघर फिरले. गोजरबाईच्या दाराला कुलूप, आणि तिची शेळी शेजारच्या साळूबाईच्या दारात बांधलेली. म्हातारी आठ दिवसांपूर्वीच एसटीने लेकाकडे गेली, असं साळूबाई म्हणाली. उसाच्या तळावर, लेकाच्या पाचटाच्या कोपीतच मोजून घेणार होती. "न्हाई लिवलं तर त्या मोजनाराला हलू देनार न्हाई, म्हनली."

मोजणीच्या दिवशी ती घरी होती, म्हणजे नियमाने ती इथलीच होती. मास्तरांनी तिच्या ओट्यावर बसून तिचा कागद काढला. नाव ठेवलं तर म्हातारी दोन ठिकाणी होणार. खोडलं आणि तिकडे कुणी लिहिलंच नाही, तर बिचारी कुठेच नाही. पण गोजरबाईला ते चांगले ओळखून होते. त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली.

तालुक्याच्या कचेरीत कागद तपासताना अव्वल कारकुनाचं बोट त्या रेघेवर थांबलं. "ही बाई वारली का?"

"नाही," मास्तर म्हणाले, "घरी गेली."