आक्कांची कारणं

माणूस एखाद्या गावात राहतो, त्याला कारण लागतं. आणि ते कारण खरं असून भागत नाही, असं आक्कांचं ठाम मत होतं. घरात नेसायचं लुगडं वेगळं आणि लग्नाला नेसायचं वेगळं, तशी त्यांच्याकडं कारणं दोन प्रकारची असायची. घरातलं कारण नेसून कुणी चारचौघांत गेलं, की त्यांनाच लाज वाटायची.

आक्का म्हणजे बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीतल्या स्थळवाल्या आक्का. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, कारण पैसे त्या घेत नसत. लग्न झालं की एक साडी आणि कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा घ्यायच्या, आणि कुंदा चांगला नसला तर तेही सांगायच्या. यजमान लवकर गेलेले. एकुलती मुलगी, मंगल, पुण्याला दिलेली. भाड्याच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. समोरच्या घरात वरच्या खोलीत मी भाडेकरू.

मुलगी बघायला गेलं, की आक्का पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसत. स्थळ पसंत पडलं तर खात, नाहीतर बशी हळूच खाली ठेवून म्हणत, "आज उपास हाय माझा." त्यांचे सगळे उपवास खरे धरले, तर देवांना वार कमी पडले असते. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या घरांना ही खूण ठाऊक झाली होती. मुलीची आई मुलाकडं न बघता आक्कांच्या बशीकडं बघायची.

मी कडोलीचा. कडोलीहून बेळगाव बसनं अर्ध्या तासाचं. आमच्या घराला ते अंतर कापायला दोन पिढ्या लागल्या. आजोबा रताळी विकायला येत आणि बाजार उठला की परत जात. वडील कॉलेजच्या फाटकापर्यंत आले ते माझ्या प्रवेशाच्या दिवशी. आत यायला काही तयार होईनात. चपला मळल्यात म्हणाले. मी घरातला पहिला पदवीधर. मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात लागलो, शहापुरात खोली घेतली, आणि मला वाटलं, पोचलो एकदाचे. अडचण एवढीच झाली, की मी पोचलो तोवर बाकीचे निघाले होते.

वर्गातली मुलं पुण्याला, बेंगळूरला गेली. कारखान्याकडं काम कमी येऊ लागलं, कधीमधी आठवड्यातून दोन दिवस घरी बसावं लागे. रस्ता एकदा उकरला की तसाच राही. तो बुजवणारा माणूसही पुण्याला गेला असावा, अशी मला शंका होती. नळाला पाणी चार दिवसांआड येई आणि आलं की गल्लीत सणासारखी धावपळ उडे. कारखान्यानं पुण्याजवळ चाकणला शाखा काढली, तेव्हा साहेबांनी बोलावून विचारलं, "परशराम, जातोस? पगार वाढंल." मी नको म्हटलं. साहेबांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

मग लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि साहेबांचं काही चुकलं नव्हतं हे कळलं. निर्व्यसनी, पदवीधर, घरी शेती, इथपर्यंत मुलीकडची मंडळी माना डोलवत. "पुण्याला असतो का?" "न्हाय, बेळगावलाच." की माना थांबत. हळूहळू मलाही कळलं, की एकतर मला बेळगाव सोडावं लागेल, नाहीतर लग्नाचा विचार. आईनं तर चाकणला कोणता देव आहे याची चौकशीही करून ठेवली होती.

तेव्हा आक्कांनी मला समोर बसवलं.

"तू पुण्याला का जात न्हाईस रं, परशा?"

"मला इथंच बरं वाटतं, आक्का."

"झालं! असं बोललास तर कोण देणार पोरगी? आवडतंय म्हणाय न्हाय. आवडतंय म्हटलं की लोकांना वाटतंय, ह्याला भाईर कोण घेत नसंल."

"मग काय म्हणू?"

"आई आजारी हाय म्हण."

"आई ठणठणीत आहे."

"मग? आजारी म्हटल्यानं कोण आजारी पडतंय व्हय? ते नको तर वर्सा-दोन वर्सांत बदली हुणार हाय म्हण. हुणार म्हटलेलं खोटं नसतंय. पुढचं कुणी बघितलंय?"

मी मान डोलवली. शिकलेल्या माणसाला मान डोलवता येतेच. पण एका स्थळाला आक्कांनी मला न विचारता माझ्या आईला हृदयविकार दिला. एकुलता मुलगा, आईला सोडून कसा जाणार, असं ते कारण होतं आणि खरं सांगायचं तर चांगलंच वठलं होतं. पाहुण्यांना दया आली. त्यांनी एका रविवारी न सांगता कडोलीला येऊन आजारी बाईंची विचारपूस करायचं ठरवलं. कुणाकडून तरी ऐनवेळी कळलं, तसे मी आणि आक्का धावत त्यांच्या मागोमाग पोचलो, तर पाहुणे ओट्यावर बसलेले आणि आई रताळ्यांची भरलेली बुट्टी डोक्यावर घेऊन शेतातून येत होती. तिनं बुट्टी एका हातानं उतरवली, पाहुणे बघितले, आणि नवे कप काढायला सरसर शिडीवरून माळ्यावर चढली.

पाहुणे माळ्याकडं बघत राहिले. आक्का न डगमगता म्हणाल्या, "बघा, अशी हाय ती. डाक्टर सांगून दमला. ऐकतच न्हाय."

पाहुणे गेल्यावर आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "परशा, माझ्या काळजाला काय झालंय म्हणत हुते रं ते?"

निपाणीचं स्थळ मात्र मनापासून पसंत पडण्यासारखं होतं. मुलगी माझ्यासारखीच घरातली पहिली शिकलेली, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. आईनं विड्या वळून तिला शिकवलं होतं. या खेपेला आक्कांनी आजारपण वगळलं आणि मी वर्षभरात चाकणला जाणार, असं आधीच कळवून टाकलं. जाताना बसमध्ये त्यांनी माझी उजळणी घेतली.

"एकच वाक्य हाय. म्हण बघू."

"वर्षभरात चाकणला जाईन."

"शाळंत कविता म्हटल्यागत नको. हसून म्हण."

संकेश्वर मागं पडेपर्यंत मी हसून म्हणत होतो. पुढच्या बाकावरचा माणूस दोनदा वळून बघून गेला.

घर लहान आणि नीटनेटकं होतं. वडील खुर्चीवर, आई स्वयंपाकघराच्या दारात, आक्का मांडीवर बशी घेऊन. इकडतिकडचं बोलून झालं आणि मुलीनंच सरळ विचारलं, "चाकणला कधी जाणार?"

मी हसलो. हसणं जमलं, वाक्य काही आलं नाही.

"जाणार नाही," मी म्हणालो. "मला विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

वडिलांनी कप खाली ठेवला. आक्कांनी डोळे मिटून घेतले.

"का?" मुलीनं विचारलं.

"आमच्या घरातून बेळगावला पोचलेला मी पहिलाच. रोज कामावर जाताना बस माझ्या कॉलेजवरून जाते. मला अजून रोज बरं वाटतं. एवढ्यात निघायला मन होत नाही." बोलल्यावर माझं मलाच ते फार हलकं वाटलं. हृदयविकारासमोर तर ते काहीच नव्हतं.

ती म्हणाली, "तुम्ही खरं बोललासा म्हणून मी पण सांगते. मला जायचंय. माझ्या आईनं ह्या गल्लीशिवाय काय बघितलं न्हाय. मला लांब जायचंय आणि तिला पण न्यायचंय." तिची आई दारातून आत गेली. वडील तिच्याकडं असे बघत होते, की मुलीला काय हवंय हे त्यांनाही पाहुण्यांबरोबरच कळलं असावं.

मोडलं, हे सगळ्यांना कळलं. आणि तेवढ्यात आक्कांनी डोळे उघडले, मांडीवरची बशी उचलली आणि पोहे खायला सुरुवात केली. शेवटचा दाणा संपेपर्यंत खाल्ले. घरातली मंडळी बुचकळ्यात पडली. "पोहे झ्याक झालेत गं," आक्का आतल्या बाजूला बघून म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मोडलं तरी पोहे कसे खाल्लेत, आक्का?"

"भूक लागलीती."

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मंगलला म्या असं कधी इचारलंच न्हाय बघ. पुण्याचं स्थळ आलं, लगी हो म्हटलं. तिला जायचं हुतं का न्हाय, ठाऊक न्हाय. ती जाऊ ने असं मला वाटत हुतं, ते पण बोललो न्हाय. नळाला रोज पाणी, जावई इंजिनेर. कारणं लई चांगली हुती रं."

हत्तरगीच्या पुढं आल्यावर त्यांनी निकाल दिला. "तुला खोटं पेलत न्हाय. तुझ्यापुरतं खरं सांगून बघूया."

तेव्हापासून त्या माझ्याबद्दल पहिलंच वाक्य असं सांगू लागल्या, "पोरगा गुणी हाय. बेळगाव सोडणार न्हाय. चालत असंल तर पुढं बोला." वर्षभर कुणी पुढं बोललं नाही. आक्कांच्या कारकिर्दीत एवढं पडून राहिलेलं स्थळ दुसरं नव्हतं. निपाणीच्या मुलीला मात्र त्यांनी तीन महिन्यांत हडपसरचा मुलगा बघून दिला. तिथं लग्नाआधीच अट सांगितली, की मुलीची आई बरोबर येणार. त्या कुंद्याचं आक्कांनी कौतुक केलं.

शेवटी अनगोळच्या रेणुकाच्या वडिलांनी पुढं बोलायचं धाडस केलं. रेणुका सरकारी शाळेत कायम शिक्षिका. नोकरी सोडून पुण्याला जाणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणजे घरात निदान एकाकडं तरी लोकांना सांगण्यासारखं कारण आलं. आमच्या लग्नात आईनं आक्कांना साडी दिली आणि रताळ्यांचं पोतंही.

दोन वर्षांनी आक्का न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मंगलताई आल्या, धावपळ करून ऑपरेशन करवलं आणि आईला पुण्याला घेऊन गेल्या. खोल्या सोडल्या. ताईंनी काही कमी केलं नाही. स्वतंत्र खोली, फिरायला बाग, मालिश करायला बाई. सहा महिन्यांनी मला आक्कांचा फोन आला. आवाज दबका होता.

"परशा, एक खोली बघ. खालचीच. पायऱ्या नकोत."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी रं, कुणासाठी!"

"ताई काय म्हणतात?"

"तिला अजून सांगितलं न्हाय. कारण गावंना झालंय."

"आक्का, तुम्हाला इथं राहायचंय असं सरळ सांगा की."

"लेकीला? वेडा हाईस का?" त्या म्हणाल्या. "तिला वाटंल, आईचं माझ्याकडं काय अडलं. रडंल ती. कारण गावलं की सांगतो. तू खोली बघ."

कारण गावलं ते तगडं होतं. यजमानांच्या भावकीतल्या जागेचा दावा उभा राहिला होता, तारखेला सही लागणार होती आणि वकिलानं बेळगावात राहायला सांगितलं होतं. ताईंनी मला फोन करून विचारलं, "परशराम, हे कोर्टाचं खरं आहे का रे?" मी "हो" म्हणालो. यावेळी हसायलाही लागलं नाही.

बेळगावच्याच वडगावात खालची खोली मिळाली. टेम्पोतून सामान उतरतंय तोवर आक्कांनी नळ सोडून बघितला. कोरडा होता. "ह्या गावात माणसानं ऱ्हाऊ ने बघ," त्या म्हणाल्या आणि घागर घेऊन शेजारणीच्या दारात गेल्या. परत आल्या त्या अर्ध्या तासानं. तोवर शेजारणीच्या भाच्याचं वय, शिक्षण आणि गाव त्यांना कळलं होतं. त्या खोलीत त्या अडीच वर्षं राहिल्या. ताई दर महिन्याला फोनवर विचारायच्या, केसचं काय झालं? आक्का सांगायच्या, तारीख पुढं गेली. यावर आपल्याकडं कुणीच शंका घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात थोड्या तापाचं निमित्त झालं आणि आक्का गेल्या. तेराव्यानंतर मंगलताई खोली आवरत होत्या. मी आणि रेणुका मदतीला होतो. कपाटातल्या साड्या निघत होत्या, एकेका लग्नाची एकेक. ताई म्हणाल्या, "परशराम, त्या वकिलांचं नाव सांग. ती केस एकदाची मिटवून टाकते."

रेणुकानं माझ्याकडं बघितलं.

"केस नाही, ताई," मी म्हणालो. "कधी नव्हतीच."

"मग?"

"त्यांना इथं राहायचं होतं."

"का? माझ्याकडे काय कमी पडलं तिला?"

"काहीच नाही. त्या स्वतःच सांगायच्या तसं."

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून मला फसवत होता." त्यांचा आवाज चढला. "अडीच वर्षं मी तारखा मोजत बसले. तिला राहायचंच होतं, तर तसं मला सांगायचं. मी काय परकी होते?"

रेणुका हळू आवाजात म्हणाली, "ताई, तसं सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना सोडलं असतासा?"

मंगलताईंच्या हातात एक साडी अर्धी घडी होऊन राहिली होती. त्यांनी ती पूर्ण केली, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसल्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या.