कोशाच्या पंखांची परी

आपली चूक कुणी दाखवली की माणसं खट्टू होतात. पेंटरचाचा खूश व्हायचे. मूल गावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी ते दुकानासमोर सुतळी बांधायचे, कपड्यांचे चिमटे लावून नवी चित्रं टांगायचे आणि लिमलेटच्या गोळ्यांची बरणी मांडीवर घेऊन स्टुलावर बसायचे. आईबापांबरोबर बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली पोरं थबकली की चाचा ओरडायचे, "गलती सांगा अन् गोळी घ्या!" चूक निघाली की स्वतःच टाळी वाजवायचे. एकही निघाली नाही तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

मी नागपूरच्या एका लहानशा प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांचं संपादन करायचे. आमच्या पुस्तकांतले राक्षस, राजकन्या, उडते पाट, बोलके पोपट, सगळे चाचांच्या हातचे. पोटापाण्यासाठी ते राईस मिलच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड आणि शाळेच्या भिंतींवरचे मोर रंगवायचे. चित्रकलेच्या शाळेची पायरी चढले नव्हते. त्यांची चित्रं प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात घातलेली, दोन्ही तोंडांना कापड बांधलेली, एसटीच्या पार्सलने यायची. पाइप उघडला की आमच्या ऑफिसातली कामं थांबायची. पुस्तकात मात्र चाचांचं नाव कुठेही नसे. मालक म्हणत, लोक गोष्ट विकत घेतात, चित्र वरकड. मीही तेव्हा मान डोलवायचे, खोटं कशाला सांगू!

"कहानी झूठी चालते, झाड झूठं चालत नाई," हे चाचांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी मधाच्या झाडावरून उतरणारं अस्वल काढलं होतं, डोकं खाली, पाय वर. सुतळीवर ते चित्र लागलं आणि जंगलाकडून आलेल्या दोन पोरांना हसू आवरेना. अस्वल उतरतं ते माणसासारखं, पाठीकडून, बूड आधी. चाचांनी त्यांच्यासमोर चित्र उतरवलं आणि नवा कागद घेतला. मी फोनवर म्हटलं, "अहो चाचा, ते अस्वल बोलतं, पगडी घालतं, राजाचा दिवाण आहे! ते कसंही उतरेना का." चाचा म्हणाले, "दिवान झाला म्हनून झाडावरून उतरनं भुलला का, बाई?" पुस्तकात दिवाणजी बूड आधी करूनच उतरले.

त्यांच्या राक्षसांबद्दल तर स्वतंत्र लिहायला हवं. सुळे, शिंगं, लाल डोळे सगळं यथासांग असायचं, पण गुहेच्या कोपऱ्यात चूल, उतरंड आणि दोरीवर वाळत घातलेला भलामोठा सदरा असायचाच. मी विचारलं तर म्हणाले, "राक्षसाले बी कोनीतरी जेवाले वाढत असन ना? उपाशी मानसाले शिंगं फुटतीन का?" मुलं या राक्षसांना घाबरायची आणि त्यांच्या घरी जेवायला जायलाही तयार असायची. असा राक्षस मी दुसऱ्या कुणाच्या हातून उतरलेला पाहिला नाही.

मग परीचं पुस्तक आलं. आमच्या प्रकाशनाचं सगळ्यात मोठं, संपूर्ण रंगीत, जाड कागदाचं. या वेळी मालकांनी आपण होऊन कबूल केलं की मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव टाकू. मी ते चाचांना कळवलं. ते म्हणाले, "साऱ्या गावाचे नाव रंगोले, बाई. माह्यं एकदा बी नाई." खरंच होतं ते. त्यांच्या स्वतःच्या दुकानावरसुद्धा नुसतं 'पेंटर' लिहिलेलं होतं.

दोन महिन्यांनी पाइप आला. परी सावळी होती, केस तेल लावून घट्ट बांधलेले, गळ्यात मण्यांच्या माळा, पायात काही नाही. पाठीला चार मातकट पिवळे पंख आणि प्रत्येक पंखावर काचेच्या टिकलीसारखा एकेक गोल डोळा. मालकांनी चित्र हातभर लांब धरलं. "ही परी? ही तर बाजारात टोपली घेऊन बसलेली पोरगी दिसते. परी पाहताक्षणी परी वाटली पाहिजे." त्यांनी ड्रॉवरमधून एका जुन्या कॅलेंडरचं पान काढलं: पांढरा झगा, सोनेरी केस, बर्फासारखे पंख. ते माझ्या हाती देऊन म्हणाले, "त्यांना सांग, अशी काढा. नसेल जमत तर दुसरा चित्रकार तयार आहे. मग नावही त्याचंच लागेल."

हा निरोप फोनवर द्यायची मला लाज वाटली, म्हणून मी मूलची एसटी धरली. तसं पाहिलं तर मलाही मालकांचंच पटलं होतं. लहानपणापासून मी ज्या पऱ्या पाहिल्या त्या गोऱ्याच होत्या.

चाचांनी निरोप ऐकून घेतला. चिडले नाहीत. कॅलेंडरचं पान उजेडाला धरून म्हणाले, "काम सफाईचं हाय." दुकानात मागे एक फळी टेकवलेली होती. तिच्यावर त्यांनी मुखपृष्ठासाठी स्वतःचं नाव लिहून पाहिलं होतं, एकाखाली एक, दहा-बारा तऱ्हांनी. माझी नजर तिकडे गेली तशी त्यांनी हळूच फळी उलटी केली. "आज बाजार हाय," ते म्हणाले. "दोन्ही टांगून पाहू. पोरं सांगतीन तसं करू."

म्हणजे सगळं पोरांच्या तोंडी! सुतळीवर दोन पऱ्या शेजारी शेजारी लागल्या. चाचांच्या परीचं चित्र राजाच्या मेजवानीचं होतं, मांडीवर द्रोण घेऊन ती जांभळं खात होती. पोरं जमली. आणि पोरांनी काय करावं? एकजात गोरीकडे बोट दाखवलं. "हे मस्त हाय." "हेच परी हाय." चाचा हसत होते, पण बरणीचं झाकण उगाच उघडत होते, लावत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून एक नऊ-दहा वर्षांची मुलगी पुढे आली. तिचं नाव सोमारी. तिच्या घरी रानातल्या ऐनाच्या झाडांवर कोसा पाळत, रेशमाच्या किड्यांची राखण करतच ती वाढलेली. गोऱ्या परीकडे तिने पाहिलंही नाही. चाचांच्या परीच्या पंखांवरून नाक लावत लावत गेली आणि म्हणाली, "हे तं कोशाचं पाखरू हाय."

"हाय ना!" चाचा उठलेच.

"मंग हे काऊन खाऊन राह्यली?" सोमारीने दरडावून विचारलं. "कोशाचं पाखरू खात नाई. त्याले खायाचं तोंडच नसते. अळी असते तवाच सारं खाऊन घेते."

मी कपाळाला हात लावला. आधीच पोरांनी नाकारलेल्या चित्रात ही आणखी चूक! चाचांनी मात्र अशी टाळी वाजवली की समोरचा कांदेवाला दचकला. त्यांनी आख्खी बरणी सोमारीच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळले.

"पाह्यलं, बाई? त्या गोऱ्या परीत गलती कोनालेच सापडली नाई. सापडन कशी? तिले वळखतेच कोन? माह्या परीची गलती सापडली, कारन हे पोरगी तिले घरून वळखते."

त्या एका वाक्याने इतकी वर्षं मिटलेले माझे डोळे उघडले. मी संपादक म्हणून मिरवत होते आणि संपादन करत होती लिमलेट चघळणारी ती पोर.

चाचांनी तिथेच बसून जांभळं खरवडून काढली. परीच्या हातातला द्रोण पुढे झाला, ती आता सगळ्यांना वाढत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. पण मग गोष्टही बदलायला हवी होती. मी रंगांच्या डब्यांवर वही ठेवून ते पान नव्याने लिहिलं. राजा विचारतो, "सगळ्यांना वाढतेस, तू का जेवत नाहीस?" परी म्हणते, "जेवायचं ते मी अळी असताना जेवले. आता मला फक्त उडायचंय." चाचांना वाचून दाखवलं तर ते डोळे पुसत म्हणाले, "आता पास."

नागपूरला गेल्यावर मी मालकांसमोर कॅलेंडरचं पान परत ठेवलं आणि नवं पान मोठ्याने वाचलं. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता, त्या दिवशी तासभर भांडले. हीच चित्रं आणि चाचांचंच नाव, नाहीतर हे पुस्तक दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हटलं. मालकांनी नवं लिहिलेलं पान माझ्याकडून घेऊन पुन्हा वाचलं. "किती दिवस जगतं हे पाखरू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आठवडाभर." त्यांनी कॅलेंडरचं पान ड्रॉवरमध्ये परत टाकलं. मग म्हणाले, "छापा."

पुस्तक असं चाललं की आम्हाला कागद पुरेना. पहिली प्रत घेऊन मी मूलला पोचले त्या दिवशी लग्नात वाजवणारा बँडवाला आपण होऊन दुकानासमोर आला, कारण त्याच्या गाडीवरची अक्षरं चाचांच्या हातची होती. त्याने मुखपृष्ठ वाचलं: 'चित्रे: शेख मुनीर'. "हे कोन व्हय?" त्याने विचारलं. साऱ्या गावाला नाव लिहून देणाऱ्या माणसाचं नाव गावाला ठाऊक नव्हतं! हशा पिकला, आणि मग बँड असा वाजला की राईस मिलवरचे हमाल काम टाकून नाचायला आले. चाचा मधोमध उभे होते, पुस्तक छातीशी धरून. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "छपाईत पंख जरा लाल झाले, बाई. दुसऱ्या खेपेले पाह्यजो."

दुसऱ्या खेपेला पाहिलं, तिसऱ्या, चौथ्याही. चाचा जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ते पाइप पाठवत राहिले, आणि प्रत्येक पुस्तकावर नाव राहिलं.

गेल्या वर्षी हेमलकशाकडच्या एका शाळेत मुलांना गोष्टी सांगायला गेले होते. मी त्यांना परी काढायला सांगितली. चित्रं गोळा करून टेबलावर पसरली आणि माझे हात थांबले. कुणाची परी बुटकी, कुणाची तिरळी, कुणाची पार झाडाएवढी. पण प्रत्येकीला चार मातकट पिवळे पंख आणि प्रत्येक पंखावर एक गोल डोळा. चाचांचं पुस्तक शाळेत आहे का, म्हणून मी कपाट धुंडाळलं. नव्हतं. मुलांपैकी कुणी ते पाहिलेलंही नव्हतं. थोरल्या भावंडांनी रंगवलेल्या भिंतीवरून, मैत्रिणीच्या वहीवरून, कुठून कुठून ती परी इथवर उडत आली होती.

शाळेतले तरुण गुरुजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी शहरातून आलेली म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानाने समजावलं, "मॅडम, आमच्या भागात परीला असेच पंख असतात. फार जुनं आहे हे. आजे-पंज्यांपासून चालत आलेलं."

ते पंख पहिल्यांदा पाइपातून बाहेर आले तेव्हा मी समोर होते. ज्या नावासाठी भांडले, ते ओठांवर आलं होतं. पण चाचांची परी आजे-पंज्यांची झाली, याचा मला एकदम इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं.

"हो का, गुरुजी?" मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं."