मिरची कांडपाकडे तोंड केलेला पंखा

मैत्रिणींनो, आज सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता, सांगलीत आपल्या मंडळाच्या नव्या शिवणवर्गाच्या जागेवर, नकाशावरून एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, "आजी, पंखे सॉफ्टवेअरमध्ये बसवलेत. तुम्हाला नाही कळायचं."

सत्तरच्या दशकात मी कराडला ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढत होते. शिवाय कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची पट्टी हातावर खाल्लेली आहे, सरळ रेघ मला कळते.

त्याच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर, बाहेरची हवा आत ओढणारा पंखा मागच्या भिंतीत होता. त्या भिंतीपलीकडे मिरची कांडप आहे.

"ते कांडप तुमच्या नकाशात कुठाय?"

"शेजारचं आम्ही दाखवत नाही."

दम्यानं बेजार असलेली आपली शकुंतला म्हणाली, "आरं लेकरा, मग म्या हितं शिवायचं का खोकत बसायचं?"

मी त्याला मागच्या भिंतीपाशी नेलं. कांडप जोरात चालू होतं. शिंकून शिंकून लाल झालेला तो परत आला आणि त्यानं माऊस धरून पंखा रस्त्याकडच्या भिंतीत नेला. शकुंतलेनं त्याला पाणी दिलं. मी नाही दिलं.

इंजिनिअरसाहेब, तुम्हीही मंडळाच्या या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहात. सुधारलेला नकाशा आणि मला नेमकं काय कळत नाही याचा लेखी खुलासा शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मंडळात पोचवा.